केइस्काम्मा नदीकाठचे भरतकाम

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा असे सुचविले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळी एवढेच डोळ्यांपुढे येते. परंतु गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलीने मला एका इंग्रजी पुस्तकातील चित्रे दाखविली आणि खालचा मजकूर वाचून त्याचा अर्थ सांगितला. ती चित्रे रंगांनी काढलेली नव्हती, सुईदोऱ्याने भरलेली होती. गाई, नदी, मासे, प्रेतयात्रा, मांडीवर नातवंडे घेतलेल्या आज्या, सारे टाक्यांनी उभे केलेले. ते भरणाऱ्या बायका आपल्यासारख्याच घरसंसाराच्या. तेव्हा मनात आले की, हाही इतिहासच आहे, आणि हा तरी आपल्याला सांगता येईल. भगिनींनी गोड मानून घ्यावा.

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप प्रांतात केइस्काम्मा नावाची नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी हॅम्बर्ग नावाचे खेडे आहे. आफ्रिकेतल्या खेड्याला जर्मनीतल्या शहराचे नाव कसे, असा प्रश्न मलाही पडला. क्रिमियाच्या युद्धासाठी इंग्रज सरकारने जर्मन शिपायांची एक पलटण उभारली होती. युद्ध संपल्यावर त्या शिपायांचे करायचे काय, म्हणून १८५७ च्या सुमारास त्यांतील पुष्कळांना ह्या भागात जमिनी देऊन बसविले. त्यांनी आपल्या मुलखातील नावे गावांना दिली. मुळात ही भूमी खोसा लोकांची. त्यांचे धन म्हणजे गाई. इंग्रजांशी आणि इतर गोऱ्या वसाहतवाल्यांशी ह्या सरहद्दीवर १७७९ पासून १८७९ पर्यंत शंभर वर्षांत नऊ लढाया झाल्या.

त्यातच १८५६-५७ साली एक विलक्षण प्रकार घडला. नोंगकाऊसे नावाच्या एका लहान वयाच्या मुलीला दृष्टान्त झाला की, सर्व गाई मारून टाका आणि धान्य नष्ट करा, म्हणजे मेलेले पूर्वज उठून येतील आणि गोरे समुद्रात जातील. आधीच गुरांवर रोगाची साथ होती आणि जमीन हातची गेलेली होती. हताश लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. अंदाजे चार लाख गुरे मारली गेली आणि त्यानंतरच्या दुष्काळात सुमारे ४० हजार माणसे भुकेने मेली. मनुष्य पिचला म्हणजे कशावरही विश्वास ठेवतो. हे वाक्य मी येथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे ह्याच देशात औषधाच्या बाबतीत पुन्हा तसेच व्हायचे होते.

विसाव्या शतकात वर्णद्वेषाच्या राज्यात हा भाग 'सिस्काय' ह्या नावाने वेगळा काढण्यात आला. पुरुषमंडळी दूरच्या खाणींत आणि शहरांत कामाला जात, आणि गावात उरत त्या बायका, म्हातारी माणसे आणि मुले. आपल्या कोकणातील घरांतून मुंबईच्या गिरणीत गेलेल्या पुरुषांची ज्यांनी वाट पाहिली आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको. १९९४ साली तेथे सर्वांना मताचा अधिकार मिळाला, सिस्काय संपले, परंतु गावातील दारिद्र्य राहिले. आणि त्याच सुमारास एच. आय. व्ही. चा रोग त्या देशात घरोघर शिरत होता.

२००० साली डॉ. कॅरल हॉफ्मायर नावाच्या बाई जोहान्सबर्गहून ह्या गावात राहावयास आल्या. शिक्षणाने डॉक्टर, परंतु मधल्या काळात डॉक्टरकी बाजूला ठेवून त्या चित्रकला शिकल्या होत्या. गावातील बायकांच्या हाताला काम नाही आणि चार पैसे मिळण्याचा मार्ग नाही, हे त्यांनी पाहिले. आरंभ अगदी साधा होता. गावभर उडणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या गोळा करायच्या, त्यांच्या पट्ट्या कापायच्या आणि क्रोशाच्या सुईने त्यांच्या टोप्या व पिशव्या विणायच्या. त्यानंतर इंग्लंडातून भरतकाम जाणणाऱ्या दोन बायका आल्या आणि त्यांनी गावातील बायकांना टाके शिकविले. पुढे परदेशांतून आणखीही स्वयंसेवक येत राहिले. कोणी दवाखान्याला मदत केली, कोणी मुलांना वाद्ये शिकविली.

परगावाहून येऊन सेवा करणे ही गोष्ट सोपी वाटते, परंतु तशी ती नसते. आलेला पाहुणा चार दिवस गोडीने राहतो, फोटो काढतो आणि परत जातो. मागे राहणाऱ्याच्या हाती काय उरते, हा खरा प्रश्न असतो. हॅम्बर्गला हाती उरले ते टाके. एकदा हाताला बसलेला टाका कोणी परत नेऊ शकत नाही. शिकलेल्या बायकांनी दुसऱ्या बायकांना शिकविले आणि पाहता पाहता शंभराहून अधिक हात तयार झाले. काम झाले की मोबदला हाती येई, आणि तो बाईच्या स्वतःच्या हाती येई, हे महत्त्वाचे.

मग त्यांनी एक मोठे काम अंगावर घेतले. फ्रान्समध्ये बायो नावाच्या गावी सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचा एक भरतपट जपून ठेवलेला आहे. लांबी सुमारे ७० मीटर, आणि त्यावर १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड कसे जिंकले त्याची हकीकत लोकरीच्या धाग्याने भरलेली आहे. तो जिंकणाऱ्यांच्या बाजूचा इतिहास. हॅम्बर्गच्या बायकांनी त्याच धर्तीवर, परंतु जिंकल्या गेलेल्यांच्या बाजूने, आपल्या मुलखाचा इतिहास भरावयास घेतला. मूळचे रहिवासी, खोशांच्या गाई, सरहद्दीच्या लढाया, नोंगकाऊसेचा दृष्टान्त आणि दुष्काळ, वर्णद्वेषाचे दिवस आणि शेवटी १९९४ साली मतदानासाठी लागलेल्या लांबच लांब रांगा. हा पट सुमारे १२० मीटर लांब झाला, म्हणजे बायोच्या पटाहूनही मोठा. तो केपटाउनला पार्लमेंटच्या इमारतीत लावला गेला. जानेवारी २०२२ मध्ये त्या पार्लमेंटला मोठी आग लागली, सभागृह जळाले, परंतु हा पट वाचला. हे ऐकले तेव्हा माझ्या जिवात जीव आला. एक वाकळ शिवायला किती दुपारी लागतात ते आपण जाणतो, मग १२० मीटरचे काय!

परंतु टाके घालणाऱ्या बायकांच्या घरांतच आजार होता. भरतकामाला येणारी एखादी बाई वाळत जाई आणि मग येईनाशी होई. कोणाचा मुलगा शहरातून खंगून परत येई. रोगाचे नाव कोणी उच्चारीत नसे. प्रेतयात्रा मात्र शनिवारमागून शनिवार निघत. हॉफ्मायर बाईंनी पुन्हा डॉक्टरकी सुरू केली.

औषध जगात नव्हते असे नाही. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याचा उपचार माहीत झाला होता आणि त्याने माणसे जगत होती. परंतु त्याची किंमत एका रोग्याला वर्षाला १० हजार डॉलरहून अधिक. खेड्यातल्या बाईने ते कोठून आणावे? येथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तीच तीन औषधे एका सेवाभावी डॉक्टरांच्या संघटनेला रोग्यामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी जाहीर केली. म्हणजे दिवसाला एक डॉलरहूनही कमी. त्यामुळे जगभर खळबळ झाली आणि किमती उतरू लागल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ३९ औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिका सरकारवर स्वस्त औषधांच्या कायद्याविरुद्ध केलेला दावा काढून घेतला.

औषध स्वस्त झाले, तरी आता त्या देशाचे सरकारच आडवे आले. राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांना ह्या विषाणूने एड्स होतो हेच मनापासून पटत नव्हते. त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबू खाण्याचा उपदेश करीत. लोकांना कोर्टात जावे लागले. जुलै २००२ मध्ये तेथील घटना-न्यायालयाने निकाल दिला की, आईपासून बाळाला रोग होऊ नये म्हणून असलेले औषध सरकारी रुग्णालयांतून द्यावेच लागेल. नोव्हेंबर २००३ मध्ये सर्व रोग्यांसाठी योजना मंजूर झाली आणि २००४ पासून औषधे मिळू लागली, तीही हळूहळू. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली हिशेब मांडला की, ह्या दिरंगाईपायी ३ लाख ३० हजारांहून अधिक माणसे प्राणाला मुकली. दीडशे वर्षांपूर्वी एका अजाण मुलीच्या शब्दावर लोकांनी गाई मारल्या, त्याला आपण अडाणीपणा म्हणतो. शिकल्यासवरल्या माणसांनी औषध अडवून धरले, त्याला काय म्हणावे?

हॅम्बर्ग गावात उपचाराची आणि शुश्रूषेची जागा उघडली. तिचे नाव 'उम्था वेलंगा', म्हणजे सूर्याचा किरण. औषध घेऊन अंथरुणातून उठलेली पहिली माणसे गावाने डोळ्यांनी पाहिली, आणि भीती तेथून ओसरू लागली.

ह्याच दिवसांत, २००५ साली, बायकांनी आपले दुसरे मोठे काम पुरे केले. त्याला केइस्काम्मा वेदीचित्र म्हणतात. ख्रिस्ती देवळात पूजेच्या जागेमागे दारांसारखी उघडणारी चित्रे लावतात, तसे हे आहे. ह्याचेही मूळ युरोपात आहे. इझेनहाइम येथील मठासाठी ग्रुनेवाल्ट नावाच्या चित्रकाराने सुमारे १५१२ ते १५१६ ह्या काळात एक वेदीचित्र काढले. त्या मठात एका भयंकर रोगाच्या रोग्यांची शुश्रूषा होत असे. राय धान्यावर पडणाऱ्या बुरशीमुळे तो रोग होई, अंगाची आग होई आणि हातपाय झडत. चित्रकाराने येशूच्या देहावरही फोड दाखविले, की रोग्याने पाहावे आणि देवही आपल्यासारखाच भोगतो आहे असे त्याला वाटावे.

हॅम्बर्गच्या सुमारे १३० माणसांनी मिळून त्याच आकाराचे, सुमारे १३ फूट उंच आणि २२ फूट रुंद असे चित्र भरतकाम, मणिकाम आणि तार यांनी केले. पहिल्या दर्शनी, मूळ चित्रात जेथे क्रुसावरचा येशू आहे, तेथे त्यांनी एक विधवा उभी केली आहे आणि तिच्याजवळ पोरकी मुले. खाली प्रेतयात्रा. दारे उघडली की दुसरे दर्शन सुखाचे: झाडे, पाखरे, मासे, गाई, आणि गावातील एक साधुवृत्तीचा मनुष्य, जो समुद्रकाठच्या वाळूत धावून पावलांनी नक्ष्या उमटवीत असे. ती दारेही उघडली की तिसरे दर्शन. तेथे भरतकाम मागे सरते आणि गावातील तीन आज्यांची नातवंडांसह माणसाएवढी छायाचित्रे समोर येतात. मधली पिढी गेली आणि म्हाताऱ्या हातांवर पुन्हा मुले वाढविण्याचे काम आले. संत म्हणून त्यांना देवळात बसविले, हे मला फार योग्य वाटले. आपल्याकडेही अशा आज्या आहेत, त्यांचे चित्र मात्र कोणी भरलेले नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे एड्सविषयी जागतिक परिषद भरली, तेव्हा हे वेदीचित्र तेथील सेंट जेम्स कॅथीड्रलमध्ये मांडले होते. पुढे ते अमेरिकेत आणि इंग्लंडातही हिंडले. पाहुणे गावाला येत होते ते आधी, आता गावचे काम पाहुणे होऊन जगाकडे गेले.

सर्व गोड झाले असे मात्र समजू नये. २०१० साली ह्याच बायकांनी पिकासोच्या प्रसिद्ध 'गेर्निका' चित्राच्या धर्तीवर, तेवढ्याच आकाराचा एक पट जुन्या कांबळ्यांतून केला. १९३७ साली स्पेनमधील एका गावावर बाँब टाकून ते बेचिराख केले, त्याचे ते चित्र. ह्या बायकांच्या पटात बाँब नाहीत. औषध वेळेवर न मिळाल्याने गेलेली माणसे आहेत, शोक आहे आणि रागही आहे. देणगीवर चालणाऱ्या कामाचे दुखणे असे की, देणारा थांबला की काम अडते. तरीही ते काम टिकले. सप्टेंबर २०२२ मध्ये जोहान्सबर्गला त्यांच्या इतक्या वर्षांच्या भरतकामाचे मोठे प्रदर्शन भरले.

सुईने दुःख बोलण्याचा हा मार्ग एकट्या हॅम्बर्गचा नाही. अमेरिकेत ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या मैदानावर १,९२० तुकड्यांची एक प्रचंड गोधडी अंथरली होती. एकेक तुकडा तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे एका थडग्याएवढा, आणि प्रत्येकावर एड्सने गेलेल्या माणसाचे नाव, घरच्यांनी शिवलेले. दक्षिण आफ्रिकेतच डर्बनच्या बाजूला १९९६ नंतर झुलू बायकांनी मण्यांच्या बाहुल्या करून त्यांतून ह्या रोगाची गोष्ट सांगितली. त्यांच्यात 'ह्लोनिफा' नावाची रीत आहे. सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, एवढेच नव्हे तर त्या नावाशी जुळणारा शब्दही टाळायचा, आणि स्त्रीपुरुषांच्या विषयाबद्दल तर तोंड उघडायचे नाही. आम्ही उखाण्यावाचून नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या बायका, आम्हांला हे चटकन कळते. जे जिभेने बोलता येत नाही ते त्यांनी मण्यांनी सांगितले.

आता थोडे आपल्याकडचे. हिंदुस्थानात ह्या रोगाचा पहिला पुरावा १९८६ साली मद्रासला मिळाला. तो शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन ह्या मूळच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय घराण्यातल्या. लोक रोग्याला शिवत नव्हते त्या दिवसांत त्यांनी रोग्यांना जवळ केले आणि पुढे वडिलांच्या नावाने संस्था काढली. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारी रुग्णालयांत ह्याची औषधे फुकट मिळू लागली. २०१७ साली कायदा झाला आणि तो सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. ह्या रोगापायी कोणालाही नोकरीतून, शाळेतून, घरातून वेगळे काढण्यास त्यान्वये मनाई आहे.

कायदा झाला हे चांगलेच. परंतु ओटीवरच्या बैठकीला कायदा लागू होत नाही, आणि तेच मला सांगायचे आहे.

सन २०१५ ची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या पाच-सहा बायका दुपारी माझ्या ओटीवर गोधड्या शिवायला बसत. त्यांत एक तरुण बाई येई. तिचा धावदोरा इतका सारखा पडे की मोजून घ्यावा. तिचे यजमान वारले. मग कुजबुज सुरू झाली, त्यांना कोणता आजार होता ते बाहेर आले, आणि तिलाही तोच आहे असे कळले. एक जण म्हणाली, "एकाच गोधडीत सुया घालायच्या, टोचली तर?" दुसरी काहीच बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी आली नाही. मी बैठक आठ दिवस बंद ठेवली आणि नंतर सर्वांना निरोप धाडला, तिला तेवढा धाडला नाही. एकदा नळावर भेटली तेव्हा तिने विचारले, "वहिनी, बैठक बंद झाली का हो?" मी म्हटले, "हो गं, सध्या कोणाला सवड नाही." त्या वेळी आत ओटीवर चौघीजणी शिवीत बसल्या होत्या, आणि त्यांचे हसणे नळापर्यंत ऐकू येत होते. तिने ते ऐकले. हंडा उचलला आणि गेली. पुढे ती माहेरी गेल्याचे कळले.

पुष्कळ दिवसांनी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंशी बोलताना मी हा विषय काढला. त्या म्हणाल्या, "काकू, शेजारी बसून, एका ताटात जेवून, हात धरून, एका पांघरुणात निजून हा रोग होत नाही. नेमाने औषध घेणाऱ्याच्या रक्तात तर विषाणू इतका खाली जातो की तपासणीतही दिसत नाही. आणि सुई तर ज्याची त्याची असते हो!" एवढी साधी गोष्ट. प्रत्येकीची सुई तिच्या तिच्या डबीत असते, हे मला ठाऊक नव्हते का? ठाऊक होते. विचारायचे मात्र सुचले नाही, किंवा सुचू दिले नाही.

म्हणूनच केइस्काम्मा नदीकाठच्या बायकांचा इतिहास मला लागला. समुद्रापलीकडून दोन अनोळखी बायका येऊन त्या गावात टाके शिकवितात, आणि माझ्या ओटीवर चांगले टाके जाणणारी बाई मी उठवून लावते. परदेशी जाऊन सेवा करणे आपल्यांतल्या फार थोड्या जणींना जमेल. त्यासाठी पासपोर्ट लागतो, भाषा लागते, पैसा लागतो. ओटीवर एक जागा ठेवायला ह्यांतले काहीच लागत नाही.

येत्या दिवाळीनंतर मंडळाचा गोधडीचा वर्ग सुरू होणार आहे. मी अध्यक्षाबाईंना विनंती केली आहे की, जिल्ह्याच्या रुग्णालयात औषधाला येणाऱ्या बायकांपर्यंत तेथील समुपदेशक बाईंकरवी निरोप पोहोचवावा: ज्यांना यायचे त्यांनी यावे, नावगाव आणि आजार कोणी विचारणार नाही. शिकवायला मी आहे. ती तरुण बाई पुन्हा भेटली, तर निरोप कोणाबरोबर धाडणार नाही. मी स्वतः जाईन, आणि त्या दिवशी नळावर मी खोटे बोलले, हे आधी सांगेन.